रुपीबाईच्या गाठी

रुपीबाई मला पहिल्यांदा दिसली ती खाली मान घातलेली. तांड्यावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत पालकसभा होती. सभेला बहुतेक बायाच आलेल्या. मी गणवेशाचं, खिचडीचं, गैरहजेरीचं सांगत होते आणि मागच्या ओळीतली एक बाई माझ्याकडे न बघता एकसारखा उजवा हात हलवत होती. मला वाटलं, बसल्या बसल्या रेघोट्या ओढते आहे. जवळ जाऊन पाहिलं, तर ज्या सतरंजीवर ती बसली होती, तिचाच फाटका काठ ती शिवत होती. सुई तिची स्वतःची, पोलक्याच्या खांद्याला टोचून आणलेली. दोरा त्याच सतरंजीतून ओढून काढलेला.

सभा संपली. सह्या-अंगठ्यांसाठी तिला हाक मारली, तर ती जागची हलली नाही.

“थांबा मास्तरीणबाई. दोरा उरला हाये. मधातच सोडला तर उद्या हे पोट्टे बोट घालून सारी उसवतीन.”

बाया हसल्या. मी थांबले. तिनं शेवटचा टाका घातला, सुई उलट्या वाटेनं जुन्या टाक्यांखालून नेली आणि दोरा दातानं तोडला. ती गेल्यावर मी तो काठ उजेडात धरून पाहिला. शिवण कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ते मला सापडलं नाही.

ती आली होती रंजितासाठी. रंजिता माझ्या वर्गात होती, तिची नात. रंजिताची आई जमना, म्हणजे रुपीबाईची मुलगी, ही पोर रांगत होती तेव्हाच तापानं गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि ते तेलंगणाकडे निघून गेले. पोर आजीजवळ राहिली. वर्गात इतर मुलांना ‘आईला पाठव’ असं सांगायची मला सवय होती. रंजितापुरतं ‘आजीला पाठव’ म्हणायचं मी लक्षात ठेवत असे.

तांडा कळंब–राळेगाव रस्त्यापासून आत. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि कापसाच्या शेतांमधून चालत जायचं. रुपीबाईचं घर पहिल्याच ओळीत होतं. अंगणात कडुनिंब, निंबाखाली खाट, खाटेवर फुलसिंग, तिचा नवरा. तरुणपणी तो पांढरकवड्याला ट्रकांवर होता. माल लादायचा, ताडपत्री टाकायची, दोर आवळायचे. फुलसिंगनं बांधलेला माल हैदराबादपर्यंत हलत नाही, असं तेव्हाचे ड्रायव्हर म्हणत, हे मला तांड्यातल्या इतरांनीच सांगितलं. तो स्वतः फारसा बोलत नसे. आता शेत मुलाकडे, हिरासिंगकडे होतं आणि फुलसिंगकडे दोन शेळ्या.

गोधड्या तांड्यात सगळ्याच बाया शिवतात. रुपीबाईची गोधडी मात्र सांगावी लागत नसे, ओळखू येई. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, थंडीतली असेल तर मध्ये घरच्या कापसाचा पातळ थर द्यायचा आणि मग एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू करायचा. काठाकाठानं फिरत, आत आत येत तो मध्यावर संपवायचा. टाके तांदळासारखे, एकाच मापाचे. आणि साऱ्या गोधडीत गाठ एकही नाही. दोरा संपला की टोक आत दडवायचं, नव्या दोऱ्याचं टोक तिथूनच पुढे काढायचं. हे तिला सासूनं शिकवलेलं. सासूचं म्हणणं होतं की अंथरुणात गाठ असली की झोप तिच्यात अडकते. रुपीबाईचा त्यावर किती विश्वास होता कोण जाणे, पण दुसऱ्या बाईच्या गोधडीत गाठ दिसली की ती म्हणायची, “हिले चुलीवरची भाजी दिसत होती वाटते.” शेजारची भागीरथा हे बोलणं नेहमी खाई. तीही गप्प बसणारी नव्हती. म्हणायची, माझी गोदडी दिवाळीत सुरू केली तर होळीत अंगावर येते, तुझी येते पुढच्या दिवाळीला.

मी निवृत्त झाले आणि कळंबला राहायला आले. बाजाराच्या दिवशी रुपीबाई कधी कधी घरी डोकावे. एका पावसाळ्याच्या अखेरीस ती आली, तेव्हा चहाचा कप तिनं दोन्ही हातांनी उचलला. कपाला कान होता, पण तिनं तो धरला नाही.

मी विचारलं. तिनं उजवा हात पदराखाली घेतला आणि दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं सांगितलं. अंगठ्याच्या बुडाशी सांधा गेला होता. सुई चिमटीत धरून धरून. हिरासिंगनं यवतमाळला डॉक्टरला दाखवलं, त्यांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि सुई सोडायला सांगितलं. भाकरी थापता येत होती, कारण ती तळहातानं थापायची. कापूस वेचता येत नव्हता आणि टाका घालता येत नव्हता.

“बरं मग, सोडा की आता,” मी म्हणाले. “पुष्कळ शिवल्या.”

तिनं चहा संपवला. मग रंजिताचं सांगितलं. रंजिताला दिग्रसकडच्या एका तांड्यात दिलेली, नवरा इंद्रजीत शाळेची गाडी चालवतो, घर चांगलं. तिला दिवस होते. पहिलं बाळंतपण, म्हणून ती दिवाळीनंतर इकडे येणार होती. आणि त्यांच्या सोयऱ्यांमध्ये अशी रीत होती की लेकरू पहिल्यांदा बापाच्या घरी जातं ते आईच्या माहेरच्या गोधडीत. ती गोधडी लेकराच्या आईच्या आईनं शिवायची. सासरच्या बाया ती उलटीपालटी करून बघतात.

जमनाची दोन सुती लुगडी रुपीबाईनं ट्रंकेत जपून ठेवली होती. या एका गोधडीसाठीच. ती तिनं अंथरली, काठ सुरू केला आणि तळहाताएवढं शिवून झालं आणि चिमटीत सुई ठरेना. टाके वाकडे पडले. ते तिनं उसवून टाकले.

“दुसरं कोणी शिवून देईल. भागीरथाबाई देतील,” मी म्हणाले.

“देईन नं. काहून नाही देनार.” ती म्हणाली. “पन तिकडच्या बाया काय म्हनतीन? पोरीले माय नाही, म्हनून मांगून-टांगून आनली. नाही तर दुकानातलं ब्लँकेट आनलं. लगनात तिले काही कमी पडू देलं नाही म्या, बाई. आता एका गोदडीसाठी तिले बिनमायची म्हनतीन.”

तेव्हा मला गादीवाल्याची आठवण झाली. आमच्या गल्लीत तो गाद्या भरायला येई. तो काही गादी सगळी शिवत नसे. मोठी सुई वरून खाली, खालून वर काढायची आणि दोऱ्याची दोन टोकं जागच्या जागी बांधून टाकायची. वीतभर सोडून पुन्हा तसंच. कापूस जागेवर राहतो आणि दाबलाही जात नाही. मी म्हटलं, गोधडीला तसं का करू नये? सुई थोड्याच वेळा घालावी लागेल, अंगठ्याला तेवढं सोसेल.

रुपीबाईनं कप खाली ठेवला. “गादी अन् गोदडी एक करू नका. गादीवर कोनीबी झोपते. गोदडी अंगावर घ्याची राह्यते.” पिशवी उचलून ती निघाली. फाटकापाशी वळून म्हणाली, “अन् साऱ्या गाठीच गाठी! माही सासू वरून उतरून येईन.”

दिवाळीनंतर रंजिता माहेरी आल्याचं कळलं म्हणून मी तांड्यावर गेले. अंगणात शिरले तो दोरीवर एक लहान गोधडी वाळत होती. जमनाच्या लुगड्याची, निळी. मला ओळखू आलं की ती गाठींची आहे, कारण जागोजाग पांढरे दोरे लोंबत होते. आणि हेही दिसलं की काहीतरी बिघडलं आहे. वरचा भाग पडद्यासारखा पातळ झाला होता आणि सगळा कापूस भिजून खाली उतरला होता. खालच्या काठाला एक मोठा फुगा धरला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

रुपीबाई तोंडानं नाही म्हणाली होती, एवढंच. घरी जाऊन तिनं करून पाहिलंच होतं. दाभण, म्हणजे पोती शिवायची जाड सुई, आरपार घालायची आणि हाताला जमेल तशी गाठ द्यायची. कापूस घरचाच, हातानं पिंजलेला. झाली तेव्हा गोधडी अशी फुगीर दिसत होती की रंजितानं ती गालाला लावली म्हणे. लेकराचं कापड वापरायच्या आधी धुवावं, म्हणून रंजितानंच ती धुतली. धुताना एकेक गाठ सुटत गेली.

कुंपणापलीकडून भागीरथा बघत होती. म्हणाली, “रुपीबाई, नातीसंगं तुह्या गोदडीलेबी दिवस गेले दिसतात.”

रंजिताला हसू आवरेना, मग रडू आलं. रुपीबाईनं गोधडी दोरीवरून ओढली आणि तशीच ओली मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

“म्या सांगतलं होतं,” ती म्हणाली. “गाठीत काही टिकत नाही.”

कल्पना माझी होती, पण गादीवाला गाठ कशी मारतो, ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

फुलसिंग खाटेवरून उठला. इतक्या वर्षांत तो बायकोच्या शिवणकामाजवळ आलेला मी पाहिला नव्हता. त्यानं गोधडीचा कोपरा उचलला, एक अर्धवट सुटलेली गाठ बोटांवर घेतली आणि डोळ्यांजवळ नेली.

“गाठ उलटी पडली,” तो म्हणाला.

“गाठ ते गाठ. तिच्यात उलटी-सुलटी काय?”

“असते.” त्यानं शेळीच्या गळ्यातला दोर काढला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. “हे पाह्य. पह्यले उजवं टोक वर घेतलं. आता डावं वर घ्याचं. तू दोन्ही बार उजवंच वर घेतलं. अशी गाठ दिसते पक्की, पन वढ पडली का घसरते.” त्यानं दोन्ही तऱ्हा बांधून दाखवल्या. एक ओढली तर सरकत सुटली. दुसरी ओढली तर आवळत गेली.

रुपीबाई बघत होती. शिवणीत जन्मभर तिनं गाठ मारलीच नव्हती. गाठ न दिसणं हेच तर तिचं कसब होतं. त्यामुळे पोतडीचं तोंड बांधावं तशीच तिनं ती बांधली होती.

“दोन्ही बार आपलंच वर कायले ठेवा?” फुलसिंग दोर गुंडाळत म्हणाला. “तुही सवयच हाये ते.”

कुंपणापलीकडून भागीरथा हसली. रुपीबाईनं नवऱ्याच्या खांद्यावर ओल्या गोधडीचा कोपरा मारला, पण तीही हसत होती.

त्यानंतर काय झालं ते मी थोडं पाहिलं, थोडं रंजितानं फोनवर सांगितलं. गोधडी उसवून कापूस उन्हात वाळवला, पुन्हा पिंजला. गाठ तर रुपीबाईला लगेच आली, पण आवळायला अंगठ्यात जोर नव्हता. दाभण दोन लुगडी आणि कापसातून पार होई, पण ओढून काढताना कळ येई. फुलसिंगनं आपल्या जुन्या पेटीतून पक्कड काढून दिली. मग असं ठरलं की सुई कुठे घालायची ते रुपीबाई ठरवणार आणि तीच घालणार, पलीकडून पकडीनं ओढणार. गाठ फुलसिंग बांधणार. वीतभर अंतर तिनं रद्द केलं. चार चार बोटांवर गाठ, आणि एका ओळीतली गाठ दुसऱ्या ओळीतल्या दोन गाठींच्या मधोमध.

एका गोष्टीवर दोघांचं अडलं. तिला गाठी खालच्या बाजूला हव्या होत्या, कुणाला दिसू नयेत म्हणून. तो म्हणाला, खाली गाठ घासली जाते, आणि लेकराच्या अंगाला लागते. तीन दिवस बोलणं नव्हतं, असं रंजिता म्हणाली. शेवटी रुपीबाईनंच ऐकलं. लेकराच्या अंगाकडच्या बाजूला नुसता बारीक टाका दिसेल. गाठी वर, उघड्यावर, टोकं बोटाच्या पेराएवढी कापलेली.

हे काम अंगणात निंबाखालीच चालायचं, त्यामुळे येणारा-जाणारा पाहून जाई. राळेगावला निघालेला तांड्यातलाच भीमसिंग मोटारसायकल थांबवून म्हणाला, “फुलसिंगदादा, आता बांगड्या भरून घ्या.”

फुलसिंगनं गाठ पुरी केली. “आनजो येतानी,” तो म्हणाला. “मापाच्या आन.”

पौषाच्या थंडीत रंजिताला मुलगी झाली. खुशी नाव ठेवलं. सव्वा महिन्यानं सासरची माणसं जीप घेऊन न्यायला आली आणि मलाही जेवायला बोलावणं होतं. रंजिताची सासू उंच, ठणठणीत बाई. बोलणं तिखट, पण आल्याबरोबर तिनं सुनेला आधी नीट बसवलं आणि मग नातीला घेतलं. जेवणं झाली. आहेर झाला. मग रुपीबाईनं आतून गोधडी आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

सासूनं ती उलगडली. हात फिरवला.

“हे काय? गाठी?”

रुपीबाईनं मान खाली घातली होती, त्या पालकसभेत होती तशी. पण आज हातात सुई नव्हती. मी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अंगठ्याचं तिनं सोयऱ्यांना कळू दिलेलं नव्हतं. बाई आता कामातून गेली, असं कुणी म्हणू नये असं तिला वाटे.

“माह्या हातून टाका नाही होत आता,” रुपीबाई म्हणाली. “अंगठा गेला. लुगडी जमनाची हायेत. सुई म्या घातली. गाठी बुढ्यानं बांधल्या.”

सासूनं एका गाठीला नख घातलं. मग दुसरीला. ओढून पाहिलं. निंबाखाली पुरुषांत बसलेल्या फुलसिंगकडे तिनं एकदा पाहिलं.

“त्यायनं?”

“हो.”

“आमच्या घरच्यायले तं पायजम्याची नाडीबी बांधून द्या लागते.”

बाया हसल्या. वातावरण सैल झालं. पण तिनं गोधडी घडी करून बाजूला ठेवली. सांगितलं की आमच्या घरात लहान लेकराच्या अंथरुणात गाठ घेत नाहीत. म्हाताऱ्या सासूबाई आहेत, त्यांना विचारावं लागेल. तोवर ही पिशवीत राहू द्या. येताना तिनं दुकानातलं एक गुलाबी ब्लँकेट आणलंच होतं. खुशीला त्यात गुंडाळायला तिनं रंजिताकडे दिलं. तिनं काही वाईट म्हटलं नव्हतं. आपल्या घरची रीत सांगितली होती, जशी रुपीबाईला आपली होती.

रुपीबाई आत जायला उठली.

रंजिता माझ्या वर्गात असताना उत्तर येत असलं तरी हात वर करत नसे. तिनं ते ब्लँकेट घेतलं, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. मग गोधडी घेतली, मांडीवर अंथरली, गाठी बाहेर राहतील अशी, आणि मुलीला तिच्यात ठेवून तीन बाजूंनी दुमडली.

“आई, फाट्यावर लय थंडी राह्यते,” ती सासूला म्हणाली. “मी हिच्यातच नेतो.”

सासूनं तिच्याकडे पाहिलं. मग रुपीबाईकडे, जी दारातच थांबली होती.

“ने बापा,” ती म्हणाली. “रातभर रडली तर तूच उठजो.”

जीप निघून गेली. अंगणात उष्टी पानं, पाण्याचे ग्लास आणि आम्ही तिघं राहिलो. मला वाटलं, रुपीबाई आता रडेल. ती उभ्यानंच फुलसिंगला म्हणाली, “डाव्या कोपऱ्यातली एक गाठ सैल होती.”

“नव्हती.”

“तिनं नख घातलं तवा म्या पाह्यलं.”

“नव्हती सैल. दोरा जाड होता तिथं.”

माझी एसटी यायची वेळ झाली तरी त्यांचं चाललंच होतं. दोन दिवसांनी रंजिताचा फोन आला तो मलाच, कारण आजीचा फोन लागत नव्हता. खुशी पहिल्या रात्री रडली, असं तिनं सांगितलं. पण ती तशी रोजच रडते. म्हाताऱ्या आजेसासूबाईंनी गोधडी पाहिली, गाठींवरून बोटं फिरवत बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. गोधडी काही कुणी काढून घेतली नाही.

मी बरीच वर्षं मुलांना शिवण, विणकाम असं ‘कार्यानुभव’ म्हणून शिकवलं. रुपीबाईचं कसब तिच्या टाक्यात आहे, असंच मी समजत होते. टाका गेला तर तिचं उरेल काय, अशी भीती मलाही वाटली होती. मी बोलले नाही इतकंच. आता वाटतं, कुठलं कापड कुठे धरून ठेवायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, हे तिला कळत होतं. ते अंगठ्यात नव्हतं. उरलेलं काम दुसऱ्याच्या बोटांनी करून घेणं तिला अवघड गेलं असेल, आणि तेही ज्याला कधी सुईजवळ येऊ दिलं नाही अशा माणसाच्या बोटांनी. त्याबद्दल ती काही बोलत नाही.

भागीरथा पहिली आली. तिच्या नातवासाठी तिला ‘तसली फुगीर’ हवी होती. रुपीबाईनं तिला आधी भरपूर ऐकवलं आणि मग लुगडी ठेवून घेतली. आता सकाळची भाकरी झाली की निंबाखाली ताडपत्री अंथरतात, वर गोधडी. रुपीबाई एका बाजूला दाभण आणि पक्कड घेऊन, फुलसिंग दुसऱ्या बाजूला. ती बोटांनी अंतर मोजते, तो गाठ बांधतो, ती ओढून पाहते. अंगठा बरा झालेला नाही. आणि स्वतःच्या अंगावर ती अजूनही सासूच्या वेळची, धावदोऱ्याची, बिनगाठीची गोधडीच घेते.